खरा पाय कोणता?

शुक्रवारी संध्याकाळी लेक शाळेतून आली ती एका हातात भोपळा आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन. भोपळा कोरून त्याचा दिवा करायचा होता. ते ठीक आहे, विकांताला तेवढाच उद्योग. कागद जास्त घातक होता. त्यावर चार रकाने: तुमच्या घरी भोपळ्याचा कोणता पारंपरिक पदार्थ होतो? तो मूळचा कुठला? किती जुना? आणि शेवटी, त्याचं चित्र काढा. शिवाय सोमवारी तो पदार्थ वर्गात न्यायचा.

आता आमच्या घरचा भोपळ्याचा पारंपरिक पदार्थ म्हणजे घारगे, दुसरं काय! पण लेकीने ठणकावून सांगितलं, "बाबा, घारगे नको. पम्पकिन पाय. खरा." मागच्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला आम्ही थालीपीठ दिलं होतं, ते डब्यातून जसंच्या तसं परत आलं. ती गोष्ट तिच्याही लक्षात होती आणि आमच्याही. आम्ही दोघं गप्प बसलो. मग बायको म्हणाली, "अरे, पाय कर, पण त्यात आपला मसाला चहा घाल. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं." लेकीचा लगेच प्रश्न, "मग तो खरा पाय राहील का?"

ह्या एका प्रश्नापायी अस्मादिकांची शनिवारची रात्र गेली. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. (फोनवर आईला सांगितलं की भोपळ्याचा पाय करतोय, तर ती म्हणाली, "कुणाचा पाय?" तेव्हा आधीच सांगतो, ह्या लेखात पाय म्हणजे भट्टीत भाजायचा, खाली पिठाची पारी आणि वर सारण असलेला अमेरिकन प्रकार.)

सुरुवात अगदी पहिल्यापासून. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची एक छोटी गुहा आहे. केंट फ्लॅनरी ह्या पुरातत्त्वज्ञाने १९६०च्या दशकात ती खणली. तिथे सापडलेल्या भोपळ्याच्या बियांचं वय ब्रूस स्मिथ ह्यांनी नव्या पद्धतीने मोजलं आणि १९९७ साली 'सायन्स'मध्ये छापलं: सर्वात जुन्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या. म्हणजे त्या खंडातल्या माणसाने मक्याच्याही आधी भोपळा लावला. आपला लाल भोपळा, ज्याला कुणी डांगर म्हणतं कुणी काशीफळ, तोही ह्याच अमेरिकन खानदानातला. कोलंबसाच्या आधी तो भारतात नव्हता, सोळाव्या शतकापासून पुढे कधीतरी आला, बहुधा पोर्तुगीजांच्या गलबतांतून.

इथे मला पहिला धक्का बसला. घारगे 'आपले' म्हणून मी छाती काढून बसलो होतो, त्यातला भोपळाच मुळात त्यांचा निघाला.

मग म्हातारी ज्यात बसून लेकीकडून परत येते तो भोपळा कुठला? माझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून लाल भोपळाच आहे, पुस्तकांतली चित्रंही तशीच. पण हीच गोष्ट बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 'टुनटुनिर बोई' ह्या १९१०च्या पुस्तकात आहे आणि तिथे म्हातारी 'लाऊ'मध्ये बसते. लाऊ म्हणजे दुध्या भोपळा. तो आपल्याकडे फार प्राचीन, वाळवला की आतून पोकळ आणि बाहेरून टणक. मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तो भोपळाही ह्याच जातकुळीतला. म्हातारी बसायची तर अशा भोपळ्यातच बसेल, लाल भोपळा कोरला की चार दिवसांत मऊ पडतो. मराठीने दोघांना एकच नाव दिलं आणि नव्याने जुन्याची जागा हळूच घेतली असावी, असा आपला माझा अंदाज. असो. विषयांतर झालं.

अमेरिकेत मुलांना शिकवतात की १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेले लोक आणि तिथले मूळचे वाम्पानोआग एकत्र जेवले, तेच पहिलं थँक्सगिव्हिंग. चित्रात टेबलावर पाय हमखास असतो. पण त्या जेवणाचं एडवर्ड विन्स्लोने पत्रात केलेलं वर्णन आहे. त्यात पक्ष्यांची शिकार आहे, वाम्पानोआग मंडळींनी आणलेली पाच हरणं आहेत, पाय नाही. भोपळा तिथल्या शेतात होता, मका आणि घेवड्याच्या जोडीने तो मूळचे लोक पिकवतच होते. पण पायला गव्हाचं पीठ लागतं, लोणी लागतं. नुकतीच वस्ती केलेल्यांकडे ते कुठलं?

त्यांनी भोपळा खाल्ला तो उकडून, रोज, नाइलाज म्हणून. एडवर्ड जॉन्सन नावाच्या एका वसाहतकाराने १६५०च्या दशकात न्यू इंग्लंडचा इतिहास लिहिला. त्यात त्याने वाचकांना चक्क विनंती केली आहे की भोपळ्याला हसू नका, धान्य आणि गुरं वाढेपर्यंत देवाने ह्याच फळावर आपल्या माणसांना जगवलं. विनंती करावी लागली, ह्याचाच अर्थ लोक हसत होते. भोपळा हे गरिबाचं खाणं होतं. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याचं.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती लग्नाकार्यात भोपळ्याची भाजी पानात घ्यायची नाही. लहानपणी खूप खाल्ली, एवढंच म्हणायची. पण घारगे मात्र आवडीने करायची. गूळ पडला की भोपळ्याची इज्जत वाढते!

अमेरिकेत हे गूळ पडण्याचं काम नेमकं कधी झालं ह्याचा कागद सापडतो. १७९६ साली हार्टफर्डला 'अमेरिकन कुकरी' नावाचं सत्तेचाळीस पानी पुस्तक छापलं गेलं. लेखिका अमेलिया सिमन्स. मुखपृष्ठावर नावाखाली तिने स्वतःची ओळख काय लिहावी? 'एक अमेरिकन अनाथ'. बस्स. तोवर तिथे छापली जाणारी पाकपुस्तकं इंग्रजांची असायची. अमेरिकन बाईने लिहिलेलं, अमेरिकन जिनसांचं हे पहिलंच. त्यात 'पॉम्पकिन' पुडिंगच्या दोन कृती आहेत, दोन्ही पिठाच्या पारीत भाजायच्या, म्हणजे आजचा पायच. पहिली श्रीमंती: तीन पाइंट साय, नऊ अंडी, साखर, जायपत्री, जायफळ, आलं. दुसरी साधी: दूध, चार अंडी, काकवी, ऑलस्पाइस आणि आलं.

म्हणजे पुस्तक येईपर्यंत 'खरा' पाय एक नव्हताच. पहिल्याच छापील कागदावर दोन. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग जास्त अंडीवाला खरा असेल." मुलांना सांगणं कठीण.

आता त्या सामानाकडे बघा. जायफळ आणि जायपत्री त्या काळी एकाच ठिकाणाहून येत, इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून. ती बेटं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटरसून कूनने १६२१ साली घेतली, तिथले बहुतेक रहिवासी मारून किंवा हुसकावून. (तेच ते १६२१, पहिल्या थँक्सगिव्हिंगचं साल. मी दोनदा तपासलं.) त्यातलं रन नावाचं टीचभर बेट इंग्रजांचं होतं. १६६७च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिलं आणि इंग्रजांकडे मॅनहटन राहिलं. काकवी यायची कॅरिबियन बेटांवरून, जिथे ऊस गुलाम तोडायचे. ऑलस्पाइस जमेकाचं. एका अनाथ बाईची साधी गावठी कृती, तिच्यात ताटाबाहेरची एवढी दुनिया बसलेली.

काकवीचा मुद्दा मनातून जाईना, कारण पाय लाडका करणारी पुढची पिढी गुलामगिरीविरोधी होती. लिडिया मारिया चाइल्ड हिने १८२९ साली 'द फ्रूगल हाउसवाइफ' नावाचं काटकसरी संसाराचं पुस्तक लिहिलं. प्रचंड खपलं. त्यात पायची कृती आहे आणि घरच्या साध्या पायला एक क्वार्ट दुधाला तीन अंडी पुरे असा तिचा हिशोब. १८३३ साली तिने गुलामीविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि तिचा वाचकवर्ग तिच्यावर उलटला, पुस्तकांचा खप कोसळला. तरी ती मागे हटली नाही. तिनेच १८४४ साली मुलांसाठी थँक्सगिव्हिंगचं गाणं लिहिलं, आजोळी जाण्याचं, आणि त्यात शेवटी पाय आहे. आजही इथली मुलं ते म्हणतात.

दुसरी बाई सेरा जोसेफा हेल. हिच्या १८२७च्या 'नॉर्थवुड' कादंबरीत थँक्सगिव्हिंगचं जेवण तपशीलवार आहे, पायसकट. पुढे ती एका मोठ्या स्त्रियांच्या मासिकाची संपादक झाली आणि हा सण सगळ्या देशाचा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं गव्हर्नरांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. सप्टेंबर १८६३ मध्ये तिने लिंकनला पत्र लिहिलं. यादवी युद्ध चालू होतं. आठवड्याच्या आतच, ३ ऑक्टोबरला लिंकनची घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार.

दक्षिणेत हे रुचलं नाही. व्हर्जिनियाच्या गव्हर्नर वाइझने १८५६ सालीच हा सण नाकारला होता. त्याच्या मते ही उत्तरेतल्या धर्मोपदेशकांची राजकारणाची नाटकं. त्यामुळे पाय हा बराच काळ 'यांकी' पदार्थ राहिला. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरी आजही सणाला बहुतेक रताळ्याचा पाय असतो. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीने तोच लिहून आणला, हे नंतर कळलं.

आता दिवा. इथे सगळीकडे एकच गोष्ट सांगतात: आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून दिवे करायचे, दुष्काळात ते अमेरिकेत आले, इथे भोपळा मिळाला, झालं. सलगमचं खरं आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मेयो परगण्यातल्या शाखेत डोनेगलच्या असल्या एका सलगमच्या भुताचा साचा ठेवलाय. इतकं भयानक तोंड आहे की लेकीला फोटो दाखवून मी पस्तावलो. आपला भोपळा त्याच्यापुढे बिचारा हसरा वाटतो.

पण 'मग इथे भोपळा मिळाला' ह्यात गडबड आहे. जॉन ग्रीनलीफ व्हिटियर नावाचा कवी, जन्म १८०७, मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचा मुलगा, हाही गुलामीविरोधी चळवळीतला. त्याने १८४०च्या दशकात भोपळ्यावर कविता केली. त्यात तो लहानपणी भोपळ्यावर तोंडं कोरून आत मेणबत्ती लावल्याची आठवण सांगतो, आणि त्याच कवितेत पायही आहे. ह्याचं लहानपण म्हणजे १८१०चं दशक. आयर्लंडचा मोठा दुष्काळ १८४५ साली सुरू झाला. म्हणजे तो येण्याच्या कितीतरी आधी न्यू इंग्लंडमधली पोरं भोपळे कोरत होती, आणि हॅलोवीनसाठी नव्हे, अशीच. सुगीला हाताशी भोपळा आहे, चाकू आहे, आई रागवत नाहीये, पोरं दुसरं काय करणार? हॅलोवीन आणि भोपळ्याचा दिवा एकत्र सापडतात ते १८६६ साली, कॅनडातल्या किंग्स्टनच्या एका वर्तमानपत्रात.

मला व्हिटियरची कविता आवडली ती आणखी एका कारणाने. त्याच्या घरी दिवा आणि पाय एकाच शेतातल्या भोपळ्याचे व्हायचे. आज तसं नाही. इथे दिव्यासाठी जो मोठा केशरी भोपळा मिळतो तो बहुतेक 'हाउडन' जातीचा, मॅसॅच्युसेट्सच्या एका शेतकऱ्याने १९६०च्या दशकात तयार केलेला. देठ मजबूत, साल कोरायला बरी, चव पाण्यासारखी आणि आत धागे. तो खायचा नसतोच. आणि पायसाठी डब्यात मिळतो तो गर मुख्यतः इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या आसपासचा, डिकिन्सन जातीचा. दिसायला लांबट, फिक्या तपकिरी रंगाचा, आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ. २००९ साली तिथे पावसाने भोपळे शेतातच अडकले आणि सणाला डब्यांचा तुटवडा झाला होता. गंमत म्हणजे चित्रात असतो तो भोपळा खात नाहीत आणि खातात तो चित्रात नसतो.

राहता राहिला चहा, आपला अर्धा भाग. इथेही माझी फजितीच. बॉस्टनमध्ये १६ डिसेंबर १७७३ रोजी समुद्रात ओतला तो चहा चीनचा होता. आसामचा चहा पहिल्यांदा लंडनला विकला गेला तो १८३९ साली, आणि पुढेही बहुतेक माल बाहेरच जायचा. आपण प्यावा म्हणून १९०३च्या चहा उपकराच्या पैशातून आपल्याला तो शिकवण्यात आला. स्टेशनांवर, बाजारात फुकट कप वाटून, पाट्या लावून. आसामात १९३०च्या आसपास सीटीसीचं यंत्र निघालं, स्वातंत्र्यानंतर ती पद्धत पसरली आणि कडक, स्वस्त, दुधात टिकणारा दाणेदार चहा घरोघरी गेला. ज्या मसाला चहाला मी 'आपली परंपरा' म्हणून पायमध्ये ओतणार होतो, तो अमेलिया सिमन्सच्या पायपेक्षा शंभर वर्षांनी तरी लहान! आणि मसाला? आलं, दालचिनी, लवंग, जायफळ. पायचा मसाला एका कंपनीने १९३४ साली डबीत भरून विकायला काढला, त्यात साधारण हेच. फरक वेलचीचा. बहुधा तेवढी एकच गोष्ट मी निर्विवाद घरची घातली.

आता प्रत्यक्ष कृती, कारण दोन जणांनी मेलवर मागितली आहे. पहिला प्रयत्न फसला. मी घरचा चहा करतो तसा दुधात खळाखळा उकळला, पाय राखाडी झाला आणि कडू. दुसऱ्यांदा साखर नसलेलं आटवलेलं दूध (१२ औंसांचा डबा) वाफ येईपर्यंत तापवलं, गॅस बंद केला, तीन चमचे चहा पावडर, किसलेलं आलं आणि ठेचलेल्या सहा वेलच्या टाकून सात मिनिटं झाकलं. मग गाळलं. पावडर गाळणीत दाबायची नाही, कडूपणा तिथून येतो. दूध कोमट झाल्यावर त्यात १५ औंसांचा भोपळ्याचा गर, दोन अंडी, पाऊण कप गूळ किसून, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा दालचिनी, थोडं जायफळ. सगळं तयार पारीत ओतून २२० सेल्सिअसला १५ मिनिटं, मग १७५ला साधारण ४५ मिनिटं. मधोमध किंचित थुलथुलत असतानाच बाहेर काढायचं. भारतात गराचा डबा शोधू नका. लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून, पंचात टांगून पाणी निथळू द्या, त्याहून चांगला गर नाही.

एकीकडे दिव्याचं काम. व्हिडिओ कॉलवर आई बघत होती. "अरे, पहिला काप तू दे हं, पोरीला देऊ नकोस." आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने पहिला कापायचा नाही अशी रीत आहे. लेकीने विचारलं, "आजी, का?" आजी म्हणाली, "तसंच असतं." बायकोने माझ्या हातातला चाकू काढून लेकीच्या हातात दिला, वर आपला हात धरला, आणि पहिला काप झाला. आई दोन सेकंद काही बोलली नाही. मग म्हणाली, "बिया टाकू नका, भाजून ठेवा."

लहान मुलांबरोबर करणार असाल तर दोन गोष्टी: झाकण वर न कापता बूड कापा, म्हणजे मेणबत्तीवर भोपळा अलगद ठेवता येतो, आणि चाकू फक्त मोठ्यांनी. आतला गर चमच्याने खरवडणं हे मुलांचं काम, त्यात त्यांना सगळ्यात मजा येते. अगदी लहान असतील तर कोरूच नका, रंगवू द्या. रंगवलेला भोपळा टिकतोही जास्त. आमचा बुधवारी खारींनी नाकाच्या बाजूने खायला घेतला.

रविवारी रात्री लेकीने कागद भरला. पदार्थ: चहाचा पम्पकिन पाय. मूळचा कुठला: इथे तिने मेक्सिको, चीन, बांदा, जमेका (जमेका आमच्या पायमध्ये नव्हतंच, पण तिला नाव आवडलं) आणि शेवटी 'आजी' असं लिहिलं, जागा पुरेना म्हणून कडेने वर नेलं. किती जुना: १ दिवस.

सोमवारी डबा रिकामा आला. त्यातला किती वर्गाने खाल्ला आणि किती बसमध्ये तिने, हे मी विचारलेलं नाही. घरी उरलेला अर्धा पाय मंगळवारी जास्त चांगला लागला, तेव्हा केलात तर एक रात्र फ्रिजमध्ये राहू द्या.